पत्र्याला ‘अनडू’ नसतं: थारचे फेंडर कापण्याआधी हे वाचा

मागच्या जुलैत माझ्या मित्रानं त्याच्या थारचे चारही फेंडर कापले. मी तिथेच होतो. माझ्याकडे काम एकच, फोन धरून शूट करणं. ग्राइंडरच्या ठिणग्या रीलमध्ये भारी दिसल्या, व्ह्यूजही चांगले आले. सहा आठवड्यांनी ताम्हिणी घाटात चहाला थांबलो, तेव्हा मागच्या डाव्या टायरच्या बाजूला बोटभर लांब चीर दिसली. कापलेल्या पत्र्याची सुटलेली कड आत वाकली होती आणि प्रत्येक खड्ड्यात टायरला सुरीसारखी लागत होती. गाडीत आम्ही चौघं होतो. घाट उतरताना तो टायर फुटला असता तर काय, हा विचार त्या रात्री आमच्यापैकी कोणीच मोठ्यानं बोललं नाही.

पुढचे दोन महिने ती चूक निस्तरण्यात गेले. त्यात जे शिकलो ते इथे मांडतोय. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मेकॅनिक नाही. पण मोजल्याशिवाय बदल करू नये आणि बॅकअप नसताना डिलीट मारू नये, एवढं तरी मला त्या दिवशी आठवायला हवं होतं.

सगळे अचानक फेंडर का कापायला लागले?

फेंडर म्हणजे चाकावरची पत्र्याची कमान. गॅरेजमध्ये बरेच जण त्याला अजूनही मडगार्डच म्हणतात. मोठा टायर लावला की तो वळताना किंवा खड्ड्यात या कमानीला घासतो. मग कमान कापून मोठी करायची, असा हा सरळ हिशोब.

दुसऱ्या पिढीची थार २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आली. जून २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी आली, ऑगस्ट २०२४ मध्ये थार रॉक्स. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि थारच्या किमतीही उतरल्या. आधी ऑफ-रोडिंग हा जुनी जीप किंवा जिप्सी सांभाळणाऱ्या मोजक्या लोकांचा छंद होता. ती मंडळी वर्षानुवर्षं एकाच गाडीखाली लोळून शिकलेली. आता पहिलीच गाडी थार घेणारे आपल्या वयाचे लोक आहेत आणि त्यांचा गुरू आहे तीस सेकंदांची रील.

त्या तीस सेकंदांत काय दिसतं? टेप लावली, ग्राइंडर फिरला, पत्रा पडला, मोठा टायर बसला, गाडी चिखलातून गेली. काय दिसत नाही? मोजमाप, कापलेल्या कडेचं रंगकाम, पुढचा पावसाळा आणि आरटीओ.

टायरचं गणित: एक मिनिट द्या, पैसे वाचतील

थारच्या अलॉय व्हीलवर कंपनीकडून २५५/६५ आर१८ मापाचा टायर येतो. २५५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. १८ म्हणजे रिमचा व्यास इंचात. आता फोनमधला कॅल्क्युलेटर उघडा. २५५ च्या ६५ टक्क्यांची दुप्पट झाली ३३१.५. त्यात १८ गुणिले २५.४, म्हणजे ४५७.२ मिळवा. एकूण व्यास साधारण ७८९ मिलिमीटर, म्हणजे ३१ इंच.

मित्रानं लावले २८५/७० आर१७. त्यांचा व्यास येतो ८३१ मिलिमीटर, म्हणजे ३३ इंचांच्या जवळपास. फरक ४२ मिलिमीटरचा. पण चाकाच्या मध्यापासून मोजलं तर टायर वरच्या बाजूला फक्त २१ मिलिमीटर वाढला. एवढ्यासाठी त्यानं कमानीतून दोन-अडीच इंच पत्रा काढला, कारण रीलमध्ये तेवढा काढला होता. त्या रीलमधली गाडी वेगळी, सस्पेन्शन वेगळं, रिमही वेगळे. दुसऱ्याचा कोड न वाचता कॉपी-पेस्ट केला की जे होतं तेच इथे झालं.

मोठ्या टायरचे परिणाम फेंडरवर थांबत नाहीत. गाडीला आपला वेग चाकाच्या फेऱ्यांवरून कळतो आणि एका फेरीत किती अंतर जातं, हे तिच्यात आधीच भरलेलं असतं. टायरचा घेर पाच टक्क्यांनी वाढला की स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ च्या आसपास पळत असते. शंभर किलोमीटर गेलात तर ओडोमीटरवर ९५ च पडतात. जड चाक फिरवायला इंजिनला जास्त जोर लागतो आणि थांबवायला ब्रेकला.

कंपन्यांनाही हे माहीत आहे. जीपनं २०२१ मध्ये अमेरिकेत रँग्लर रुबिकॉनसाठी ३५ इंची टायरचं पॅकेज आणलं. त्यात नुसती उंच कमान देऊन भागलं नाही. सस्पेन्शन दीड इंच उंच केलं, शॉक ॲब्झॉर्बर त्या हिशोबानं बदलले, ॲक्सलच्या गिअरचं प्रमाण बदललं आणि मागच्या दारावर लटकणाऱ्या जड स्टेपनीसाठी ते दारही मजबूत केलं. आपण मात्र यातलं एकच काम करतो, कापायचं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीनं मुळात ठरवलेल्या तपशिलांशी नोंदणीतले तपशील जुळणार नाहीत, असा बदल मालकानं गाडीत करू नये. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं यावर स्पष्ट निकाल दिला. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी दूर नेणारा बदल चालणार नाही, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा. टायर, उंच सस्पेन्शन आणि कापलेली बॉडी हे एकच प्रकरण आहे, असं समजून चालू नका.

मित्राचं म्हणणं होतं, ‘अरे, रस्त्यावर निम्म्या थार अशाच आहेत, कोण पकडतंय?’ खरंय, रोज कोणी पकडत नाही. पण अपघात झाला की गाडी तपासली जाते. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल तेव्हा पुढे येतो आणि क्लेम अडकू शकतो. समोरच्याला लागलं असेल तर प्रश्न पैशांपुरताही राहत नाही. फेंडर कापण्याची जागा स्पर्धेच्या किंवा खासगी ट्रॅकच्या गाडीत आहे. रोज हिंजवडीला ऑफिसला नेणाऱ्या गाडीत नाही, हे माझं आजचं मत. जुलैत ते तसं नव्हतं.

आधी शोधा, घासतंय कुठे

सॉफ्टवेअरमध्ये बग कुठे आहे हे कळल्याशिवाय कोड बदलला तर एकाचे तीन होतात. फेंडरचंही तसंच. आणि शोधायला लागणारी वस्तू तुमच्या खिशात आहे.

टायरच्या खांद्यावर, म्हणजे पट्टा संपून भिंत सुरू होते तिथे, ओल्या खडूनं जाड रेघ मारा. मोकळ्या सपाट जागेत स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून गाडी हळू चालवा. मग पुढचं एक चाक आणि त्याच्या तिरक्या बाजूचं मागचं चाक रॅम्पवर किंवा पक्क्या उंचवट्यावर चढवून तेच पुन्हा करा. म्हणजे सस्पेन्शन एका बाजूला पूर्ण दाबलं जातं. फोन स्टँडवर, चाकाच्या आवाक्याबाहेर ठेवून स्लो-मोशनमध्ये रेकॉर्ड करा. खडू जिथे उमटला तिथे मोजपट्टी धरून फोटो काढा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जाऊ नका. हात, डोकं, काहीच नाही.

बहुतेक वेळा खडू आधी पत्र्यावर उमटतच नाही. तो उमटतो बंपरच्या कोपऱ्यावर, आतल्या प्लास्टिकच्या लायनरवर, मडफ्लॅपवर किंवा पुढच्या चाकामागे बॉडी जिथे चॅसिसवर टेकते त्या भागावर. प्लास्टिक धारदार चाकूनं कापता येतं, लायनर हीट गननं गरम करून आत दाबता येतो. चाक वर किती जाईल, हे थोडा उंच बंप स्टॉप लावून कमी करता येतं. चूक झाली तर प्लास्टिकचा भाग नवा घेता येतो.

आम्ही ही चाचणी केली, पण कापून झाल्यावर. मागच्या दोन्ही चाकांचा खडू फक्त प्लास्टिकच्या काठावर उमटला होता. म्हणजे ज्या पत्र्यानं पुढे टायर चिरला, तो कापायची गरजच नव्हती.

आणि त्याहूनही सोपा पर्याय आहे. मूळ मापातच चांगला ऑल-टेरेन टायर घ्या आणि चिखलात उतरताना हवा कमी करा. टायर पसरतो, पकड वाढते. डांबरी रस्त्यावर परत येताना हवा भरून घ्या, त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवा. यात काही कापावं लागत नाही.

कापायचंच असेल तर

ट्रॅकची गाडी आहे आणि खडू खरोखर पत्र्यावर उमटलाय, असं धरून चालू.

पहिली गोष्ट, पुढचा आणि मागचा फेंडर एकसारखे नसतात. पुढचा बोल्टनं बसवलेला असतो. बिघडला तर काढून नवा लावता येतो. मागचा भाग बॉडीला वेल्ड केलेला असतो आणि कमानीच्या काठावर बाहेरचा व आतला असे दोन पत्रे एकमेकांना चिकटवलेले असतात. तो काठ कापला की दोन्ही पत्रे सुटे होतात आणि मधल्या फटीत चिखल, पाणी जायला वाट मिळते. आमच्या टायरला लागलेली कड ही अशीच सुटलेली होती. हात साफ करायचा असेल तर पुढच्या फेंडरवर करा. मागच्या भागाला वेल्डिंगची सोय असल्याशिवाय हात लावू नका.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. आतला लायनर काढून पत्र्यामागे वायरिंग, ब्रेकचा पाइप किंवा चाकाच्या सेन्सरची तार आहे का ते बघा. मागे कापताना इंधनाची नळी कुठून गेलीय ते आधी शोधा, कारण ठिणगीला तुमची रील कळत नाही. काचा आणि रंगावर ओलं जाड कापड टाका. ग्राइंडरचे गरम कण काचेत रुतून बसतात आणि रंगावर पडले की काही दिवसांत गंजाचे ठिपके दिसायला लागतात.

मास्किंग टेपवर रेघ आखा. एका बाजूचा आकार पुठ्ठ्यावर कापून घ्या आणि तोच पुठ्ठा उलटा करून दुसऱ्या बाजूला लावा. डोळ्याच्या अंदाजानं दोन्ही बाजू सारख्या येत नाहीत. जिथे रेघ वळते तिथे आधी ड्रिलनं गोल भोक पाडा. टोकदार कोपऱ्यावर सगळा ताण येतो आणि तिथूनच पत्रा फाटत जातो. मग रेघेच्या अलीकडे पाच मिलिमीटर सोडून कापा आणि उरलेलं कानशीनं घासत आणा. पातळ पत्र्यासाठी पत्रा कापायची कात्री ग्राइंडरपेक्षा हळू चालते, पण ती रंग आणि जस्ताचा थर जाळत नाही आणि सटकून दहा मिलिमीटर पुढे जात नाही.

काही ठिकाणी पत्रा काढून टाकण्यापेक्षा काठाला थोड्या थोड्या अंतरावर चिरा देऊन तो आत दुमडणं बरं. दुमडलेल्या काठामुळे ताकद राहते आणि टायरकडे धार राहत नाही.

चूक झाली. आता?

आमची चूक अशी. मागच्या डाव्या कमानीवर ग्राइंडर सटकला आणि रेघेबाहेर पंधरा मिलिमीटर गेला. मित्र म्हणाला, ‘उजवीकडेही तेवढंच कापू, सारखं दिसेल.’ उजवीकडे थोडं जास्त गेलं. मग पुन्हा डावीकडे. टेबल डुगडुगतं म्हणून पाय कापत बसलं की शेवटी पाट उरतो, तशी गत.

शेवटी एका जुन्या डेंटिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी कमानीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘पोरांनो, कमी कापलं तर परत कापता येतं. जास्त कापलं की माझ्याकडे यावं लागतं.’

त्यांच्याकडे शिकलेल्या गोष्टी या.

रेघ वाकडीतिकडी आली असेल तर लांब, सरळ कानस वापरा. छोट्या कानशीनं खाचा आणखी खोल होतात. कमान पुठ्ठ्याशी जुळली की थांबा.

थोडंसं जास्त कापलं गेलं असेल तर फेंडर फ्लेअर, म्हणजे बाहेरून बसणारी प्लास्टिकची रुंद कड, ते झाकते. पण आधी कापलेल्या धातूवर प्रायमर मारा आणि मगच झाका. झाकलेला गंज कमी होत नाही, फक्त दिसत नाही.

चिरेनं पुढे सरकायला सुरुवात केली असेल तर तिच्या अगदी टोकाला छोटं भोक पाडा. त्यानं ताण पसरतो आणि चीर थांबते. मग वेल्डिंग करा.

खूपच कापलं गेलं असेल तर तुकडा जोडावा लागतो. त्याच जाडीचा पत्रा घ्या आणि भोकात नेमका बसेल असा कापा. आधी रंग आणि जस्त घासून काढा, कारण तापलेल्या जस्ताचा धूर छातीत जाणं वाईट. बॉडीचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा असतो. त्यावर सलग वेल्डिंग ओढलं तर तो उष्णतेनं लाटांसारखा वाकतो. म्हणून काका एक टाका इथे, दुसरा पार त्या टोकाला, मध्ये थांबून पत्रा हाताला थंड लागेपर्यंत वाट बघणं, असं करत गेले. एका बाजूला त्यांचा अख्खा दिवस गेला. मागे सुटलेले दोन्ही पत्रे त्यांनी तसेच टाके घालून एकत्र आणले, फटीत सीलर भरला, वर एपॉक्सी प्रायमर, मग रंग आणि आतून अंडरबॉडी कोटिंग.

एक गोष्ट त्यांनी ठामपणे नाकारली, भोकावर पुट्टी. पुट्टी उंचसखल भाग सारखा करायला असते, तीही पातळ थरात. भोक बुजवायला लावली की ती मागून ओल शोषते, गाडीच्या हादऱ्यानं तडकते आणि फुगा येऊन सुटते. कोकणात किंवा किनाऱ्याजवळ गाडी फिरत असेल तर खारी हवा हे काम आणखी लवकर करते. कोणी तासाभरात ‘भरून देतो’ म्हणालं तर गाडी परत घरी आणा.

कापायला आम्हाला एक दुपार लागली. जोडायला पाच दिवस, आणि वर एक नवा टायर.

पन्नास वर्षांनी काय उरतं

अमेरिकेत फोर्डची पहिली ब्रॉन्को १९६६ ते १९७७ या काळात निघाली. मोठे टायर बसावेत म्हणून तेव्हा कितीतरी लोकांनी तिच्या मागच्या कमानी कापल्या. आज त्या जुन्या गाड्या विकताना जाहिरातीत अभिमानानं लिहितात, ‘अनकट’. न कापलेल्या गाडीला जास्त भाव मिळतो. एका दुपारचं काम गाडीच्या ओळखीला कायमचं चिकटलं.

मित्राची थार आता पुन्हा मूळ मापाच्या टायरवर आहे. मागच्या डाव्या कमानीवर हात फिरवला तर वेल्डिंगचा पुसटसा उंचवटा लागतो, बाहेरून दिसत नाही. गाडी विकेल तेव्हा ते घेणाऱ्याला सांगणार, असं तो म्हणतो. ती रील त्यानं डिलीट केली. मी माझ्या फोनमधली क्लिप ठेवली आहे. कोणी ‘भाई, फेंडर कट करायचाय’ असं म्हणालं की आधी ती दाखवतो आणि लगेच पुढचा फोटो, टायरवरच्या चिरेचा.